कुठं कुठं पाय पडले

"कुठं कुठं पाय पडले, तेवढं दाखवा."

मास्तर माझ्या बापाला म्हणाले. ओरडून नाही. वर्गात पोराला फळ्यावरचा शब्द दाखवायला सांगावा तसं. अंगात खादीचा धुतलेला सदरा. मागं त्यांची बायको शेणाची पाटी घेऊन उभी.

अन् माझा बाप दाखवू लागला.

"अथी जी, छपरीत. मंग या दारातून अंदर. या खोलीत मधातपर्यंत. तिकडं नाई गेलो."

"भिंतीला हात?"

"लागला जी. त्या खुंटीपाशी."

"आणि स्वयंपाकघरात?"

बा थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. स्वयंपाकघरात तो गेला नव्हता. मी गेले होते. चुलीपुढं उभं राहून धूर कुठून बाहेर जातो ते पाहिलं होतं. इथं मायची चूल राहील, असं मनात धरलं होतं.

मी बावीस वर्षांची होते. मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास. मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते. पोरी मला बाई म्हणत, मी वर्गात शिरले की उभ्या राहत. अन् मी बोट केलं. "इथं उभी होते," मी म्हणाले. "त्या कोनाड्याला हात लावला." एवढं त्यांनी विचारलंही नव्हतं. वर मीच आणखी म्हणाले, "माठाला नाही लागला." जसे काही त्याचे मला मार्क मिळणार होते.

मास्तरांच्या बायकोनं दारापासून सारवायला घेतलं. आम्ही आत होतो. बाहेर पडायच्या वाटेवर ओलं शेण. त्यावर पाय दिला तर परत विटाळ. बा एक पाय उचलून तसाच उभा राहिला, कुठं ठेवावा ते कळेना म्हणून. मास्तर म्हणाले, "मागनं जा."

मागं अंगण. अंगणात संडास. संडासाच्या मागं दारासारखी एक बुटकी फळी. मैला न्यायला मेहतर रोज सकाळी जिथून येई, ती वाट. बाला वाकावं लागलं. मलाही. फळी आमच्या मागं आतून लागली, कडीचा आवाज आला.

हे वर्धेचं. बोरगाव मेघेच्या वाटेवर तेव्हा शेतं मोडून प्लॉट पाडले होते, अन् नवी वस्ती उभी राहत होती. कवेलूची घरं, पुढं छपरी, मागं अंगण. वकिलांचे कारकून, पेन्शनर, पोस्टातले, कचेरीतले. सगळे गावागावांतून आलेले. कोणाच्या बापजाद्याची ती जागा नव्हती. सगळे आमच्यासारखेच नवे.

बा रेल्वेत गँगमन होता. उन्हात रूळ उचलायचे, गिट्टी भरायची, घणानं खिळे ठोकायचे. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. ती संपली की रेल्वेची खोली सोडायची. गावी परत जायचं नाही, हे त्याचं पक्कं होतं. शहरात आमच्या लोकांचा मोहल्ला नाल्याच्या काठाला. पावसाळ्यात पाणी घरात. बा म्हणायचा, "माही पोरगी मास्तरीण हाये. तिले पुस्तकं ठेवाले कोरडी जागा पाह्यजे."

फंडाचे पैसे मिळणार होते. कोणीतरी सांगितलं, वस्तीतले एक रिटायर हेडमास्तर घर विकून मुलाकडं जाणार आहेत. बानं रेल्वेचा कोट घातला. मला सोबत घेतलं. मी नॉर्मल स्कूलमध्ये शिकलेली भाषा बोलले. "नमस्कार. घर पाहायला आलो होतो." मास्तर उठून उभे राहिले. स्वतः पुढं होऊन घर दाखवलं. खिडक्या सागवानी आहेत, म्हणाले. विहीर गल्लीत सामाईक आहे, पाणी गोड आहे, म्हणाले. बा फार बोलत नव्हता. तुळयांकडं पाहत होता.

मग मास्तरांनी सहज विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"गिरडपासून दोन कोस, जी."

"अच्छा. गावात घर कोणत्या अंगाला?"

"उगवतीले, जी. नाल्यापल्याड."

बस्. एवढंच. जात विचारली नाही. आमच्या गावांतून उगवतीला नाल्यापल्याड कोण राहतं, ते विचारावं लागत नाही. मास्तरांचा चेहरा पाटी पुसावी तसा झाला. त्यांनी बायकोला हाक मारली.

रस्त्यानं येताना बा म्हणाला, "मास्तर माणूस वाईट नाई. शिवी नाई देल्ली."

मला तेव्हा तेच खरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

घरी माय कापसाच्या जिनातून नुकतीच आली होती. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. बानं तिला सगळं सांगितलं. तिनं मधात एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "अन् तुमी दाखवलं?"

"हो."

"दोघायनंबी?"

"हो."

"एखांदी जागा राह्यली असन. उद्या जाऊन सांगून या."

मग माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बाशी बोलली. भाकर दिली, पाणी दिलं, पाठ चोळून दिली. माझ्याशी नाही. नवव्या दिवशी मीच विचारलं, "माय, माझ्यावर काऊन राग? बानं पण दाखवलं ना."

ती म्हणाली, "त्याले लहानपणापासून तेच शिकवलं लोकायनं. तुले मी कायले शिकवलं मंग?"

जिनात सरकी अन् कापूस वेगळा करून करून मायचे हात झिजले होते. धुळीनं छाती भरली होती, रात्रभर खोकायची. ती मला शाळेत घालायला स्वतः आली होती. पहिल्या दिवशी मला दाराबाहेर बसवलं तेव्हा ती तिथं उभी राहिली, हलली नाही, शाळा सुटेपर्यंत. अन् मी त्या शिक्षणानं काय केलं? कोनाडा दाखवला. शुद्ध भाषेत.

त्या दिवशी मला लाज वाटली ती मास्तरांची नाही. माझी.

पुढच्या वर्षी दसऱ्याला आम्ही तिघं नागपूरला गेलो. पांढरे कपडे घालून. लाखो लोक होते. काय झालं ते साऱ्यांना माहीत आहे, मी नव्यानं सांगत नाही. मी फक्त घरचं सांगते. परत आल्यावर बानं देवळी उघडली. खंडोबाचा टाक, मरीआईचा शेंदरी दगड, सगळं एका फडक्यात बांधलं अन् नदीत सोडून आला. त्याला वाटलं होतं रडू येईल. म्हणाला, "काईच नाई वाटलं. हात हलका झाला."

तो म्हणाला, "आता मी कोणाले जी म्हणणार नाई." पण तोंडाला सवय. मुकादमाला जी निघायचं, तिकीटबाबूला निघायचं. निघालं की तो जीभ चावायचा. साठीला आलेला माणूस, अन् नवीन बोलायला शिकत होता.

दुसऱ्या वर्षी बा रिटायर झाला. खोली सोडायला तीन महिने मिळाले.

सगुणाबाई नावाची एक तेलीण होती. म्हातारी, विधवा. माय कितीतरी वर्षं तिच्याकडून जवसाचं तेल घ्यायची. तिचं घर त्याच वस्तीत. त्याच गल्लीत. मास्तरांच्या घरापासून पुढं, गल्लीच्या टोकाला शेवटचं. मास्तर गेले नव्हते, मुलाकडं जायचा बेत त्यांनी मोडला होता. सगुणाबाई मात्र हिंगणघाटला लेकीकडं चालली होती. तिनं मायला बाजारात गाठलं.

"माहं घर इकायचं हाये. घेता का?"

माय म्हणाली, "तुमच्या गल्लीतले घेऊ देतीन का आमाले?"

"माहा नवरा मेला तवा गल्लीतला एक माणूस खांद्याले नाई आला. मास्तर म्हणे, तुमच्या जातीतले येतीन. आता माहं घर कोणाले इकायचं, ते मी त्यायले काऊन इचारू?"

आम्ही पाहायला गेलो. म्हातारी दारात बसलेली. म्हणाली, "मी हाये तवरक अंदर नोका येऊ. बाहेरूनच पाहून घ्या. दोन खोल्या हायेत, छपरी हाये. माह्या भांड्याकुंड्यायले शिवाशिव नोको."

बा बाहेरच थांबला. त्याचे पाय आपोआप थांबले.

मी नाही थांबले. मी तिच्या बाजूनं आत गेले. भिंतीला हात लावला. पूर्ण तळवा टेकवून, दाबून. पाहिलं, ओल आहे का. खिडकी उघडली, लावली. सयपाकाच्या खोलीत गेले. म्हातारी बाहेरून शिव्या देत होती, माझ्या मायचा, आजीचा उद्धार करत होती. मी सगळं पाहून बाहेर आले अन् म्हणाले, "पाहिल्याशिवाय घर घेत नाही मी. पसंत आहे. रजिस्ट्री कधी करता?"

म्हातारीच्या शिव्या थांबल्या. मग म्हणाली, "सोमवारी."

तिनं आमच्यावर उपकार केला असं मी म्हणत नाही. ती गल्लीवर सूड उगवत होती. मला चालत होतं. मला घर पाहिजे होतं.

रजिस्ट्रीच्या कचेरीत बा म्हणाला, "पोरीच्या नावानं करा." लिहिणाऱ्यानं दोनदा विचारलं, बाईच्या नावानं? बा म्हणाला, "तिलेच वाचता येते. उद्या कोणी कागद दाखवला तर मी काय पाहू?" खरेदीखत मी तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचलं. घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिलं होतं. एका बाजूला वामनरावांचं घर. एका बाजूला गल्ली. अन् खाली एक ओळ: गल्लीतल्या सामाईक विहिरीच्या पाण्याचा हक्क. ती ओळ मी परत वाचली. सही केली.

राहायला जाऊन तीन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचजण आले. पुढं मास्तर. त्यांनी मला ओळखलं. मी त्यांना. दोघंही तसं बोललो नाही.

मास्तर म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून तुमच्याशी बोलतो. आमची तक्रार जातीबद्दल नाही. आता तसं काही राहिलेलं नाही. पण घरातल्या बायका जुन्या वळणाच्या. उद्या काही कमीजास्त बोलल्या, तर तुम्हालाच वाईट वाटेल. तुमच्या लोकांत तुम्हाला बरं वाटेल. दुसरीकडं जागा आम्ही पाहून देतो."

मी म्हटलं, "बरं वाटावं म्हणून घर नाही घेतलं. राहायला घेतलं."

"विचार करा."

"केला."

मागून एकजण बाला म्हणाला, "तू तरी समजाव पोरीला. तू म्हातारा आहेस." माझ्या बापाला अरे-तुरे. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस. बानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता जी निघणार. तो म्हणाला, "घर तिचं हाये. मी तिच्याकडं राह्यतो." अन् आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर लोहार आला. तोंडावर लोखंडी जाळी बसली. जाळीला झडप, झडपेला कुलूप. किल्ल्या बनवून घेतल्या. प्रत्येक घराला एक. आमचं घर सोडून.

मी शाळेला निघाले होते. हातात पुस्तकं. कुलूप पाहिलं. एक बाई पाणी भरत होती, तिनं माझ्यासमोर किल्ली फिरवली, कुलूप ओढून पाहिलं, अन् किल्ली कमरेला खोचली. शाळेत गेले. पोरींना पाढे म्हणायला लावले. मला काही ऐकू येत नव्हतं.

खरेदीखत घेऊन ठाण्यात गेले. जमादारानं कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

"कुलूप कायले लावलं म्हणते ते?"

"लहान पोरं पडू नयेत म्हणून, असं सांगतात."

"मंग?"

"मंग किल्ली आम्हाला का नाही? माझा हक्क कागदावर आहे. शिवाय आता कायदा आहे."

"कायदा हाये, बाई. कोण म्हणते नाई? साक्षीदार आना."

साक्षीदार. गल्लीतला. गल्लीविरुद्ध.

शेजारी वामनराव. पोस्टात बाबू. सबंध गल्लीत तोच एक माणूस मला बाई म्हणून बोलायचा. संध्याकाळी कुंपणापाशी यायचा, हळू आवाजात. "माझं काही नाही हो. मी हे मानतच नाही. पण इथं राहायचं, तर चारचौघांसारखं वागावं लागतं." मी त्याला म्हटलं, एवढंच जमादारासमोर सांगा. तो म्हणाला, "माझं नाव नका घालू, बाई. माझी बदली होईल. लहान लेकरं आहेत."

त्याची मोठी पोरगी कुसुम चौथीत होती. हिशेबात कच्ची. वामनराव तिला मागच्या वाटेनं माझ्याकडं पाठवायचा, दिवेलागणीच्या आधी. मी शिकवायचे. पोरगी हुशार होती, फक्त घाबरायची. वहीत वरची ओळ वामनराव स्वतः घालून द्यायचा, सुंदर वळणदार अक्षर, त्याखाली ती गिरवायची. मी त्याचं अक्षर तिला दाखवून म्हणायचे, असं काढ.

माय विचारायची, "आली ती पोट्टी? पाण्याची गुंडी आणली का तिच्या बापानं?"

मी कुसुमची वही पुढं ओढायचे.

पाणी माय आणायची. स्टेशनाजवळच्या नळावरून. डोक्यावर गुंडी, कमरेवर घागर. खोकत, थांबत. जाता-येता पूर्ण गल्ली ओलांडायची. ती आली की बायका दारात उभ्या राहून पाहायच्या, पाणी सांडते का. कोणाच्या दारापुढं थेंब पडला की ती बाई लगेच पाण्यात शेण कालवून टाकायची. म्हणजे त्यांना पाणी होतं. विटाळ धुवायला होतं. बा म्हणायचा, मी आणतो. माय त्याला हात लावू द्यायची नाही. "तुमी गेले तर तोंड खाली घालून जासान. मी जाते."

असे पाच महिने गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षणखात्याच्या कचेरीतून बोलावणं आलं.

साहेब परके नव्हते. माझा वर्ग त्यांनी तपासला होता, शेरा चांगला दिला होता. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "तुमची बदली झाली आहे. गिरडच्या पुढं. नवीन शाळा आहे, मुलींसाठी शिक्षिका पाहिजे."

मी म्हटलं, "माझे आईबाप इथं आहेत. म्हातारे आहेत. आईला खोकला आहे."

"मला कल्पना आहे."

"मग माझीच का?"

त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. "तुमच्याविरुद्ध अर्ज आहे. वस्तीतल्या प्रतिष्ठित लोकांचा. तुम्ही मुलींना देवाधर्माविरुद्ध शिकवता. वर्तन समाधानकारक नाही. शेजाऱ्यांशी भांडता. वस्तीची शांतता बिघडली आहे." ते पेन टेबलावर ठेवून जरा पुढं झाले. "हे बघा, मी तुमचं नुकसान करू इच्छित नाही. त्यांना शाळेशी काही देणंघेणं नाही. ते घर सोडा. कोणालातरी देऊन टाका. दोन ओळी लिहून द्या की स्वतःच्या सोयीसाठी घर सोडते आहे. अर्ज मी दाबतो. बदली थांबते."

"अर्ज वाचू शकते?"

त्यांना वाटलं, सह्या पाहून ही घाबरेल. कागद माझ्याकडं सरकवला.

पहिली ओळ वाचायच्या आधीच मला कळलं. अक्षर ओळखीचं होतं. वळणदार, सुंदर, ओळ जराही वाकडी नाही. रोज संध्याकाळी मी त्याच अक्षराखाली एका पोरीला गिरवायला लावत होते. 'सदर बाई हीन जातीच्या असून', तो लिहीत होता, 'वर्तनाने उद्धट आहेत.' खाली सह्या. पहिली मास्तरांची. मग एकेक घर. विहिरीवर किल्ली फिरवणाऱ्या बाईच्या नवऱ्याची. बाला अरे-तुरे करणाऱ्याची. वामनरावाची सही शेवटून दुसरी. सतरा सह्या. गल्लीत एकही घर राहिलं नव्हतं.

मी उभी होते. खुर्ची दिली नव्हती. राग नव्हता म्हणा. राग त्याच्या आधी येतो. तेव्हा फक्त सगळं स्पष्ट दिसत होतं, जसं उन्हात दिसतं. हे लोक मला अडाणी म्हणून हाकलत नव्हते. गरीब म्हणून नाही, घाण म्हणून नाही. मी त्यांच्याइतकंच शुद्ध बोलत होते, त्यांच्या पोरींना शिकवत होते, माझ्या घरचं अंगण त्यांच्यापेक्षा झाडलेलं होतं. मी कितीही चांगली झाले असते, तरी हा कागद लिहिला गेलाच असता. मग चांगलं होऊन दाखवायचं ते कोणाला? जन्मभर मी कोणासमोर परीक्षा देत होते?

"कोरा कागद द्या," मी म्हटलं.

साहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी कागद दिला, दौत सरकवली. टेबलाच्या कडेला वाकून मी लिहू लागले. आधी नावं लिहिली. अर्ज समोर ठेवून, एकाखाली एक. पूर्ण नाव, बापाचं नाव, जसं होतं तसं. साहेब पाहत होते. सातव्या-आठव्या नावाला म्हणाले, "हे काय करता?"

"उतरवून घेते."

"कशाला?"

"मला लागतील."

त्यांनी हात पुढं केला, पण कागद ओढायची हिंमत झाली नाही. सतराही नावं झाली. मी घडी घालून कागद पोलक्यात ठेवला. मग दुसरा कागद मागितला. त्यावर दोनच ओळी लिहिल्या. 'मी माझे घर सोडणार नाही. बदलीच्या ठिकाणी हजर होत आहे.' खाली सही, तारीख.

ते वाचून साहेब म्हणाले, "बाई, हे तुमच्या कागदांत कायमचं राहील."

"राहू द्या. त्यासाठीच लिहिलं."

घरी आले. मायला अन् बाला सांगितलं. बा म्हणाला, "सोडून देऊ. घर काय, मोहल्ल्यातबी भेटते. तू तिकडं जंगलात एकटी कशी राह्यशीन?" तो खरंच हादरला होता. माय खोकत होती. खोकणं थांबलं तेव्हा म्हणाली, "तू जाय. आमी हाओत अथी. पाणी आणाले माहे पाय शाबूत हायेत."

संध्याकाळी मागच्या दारात कुसुम उभी होती. वही छातीशी धरून. सुट्टी असली तरी ती यायची, तिला आता हिशेब आवडायला लागला होता. मी तिला आत घेतलं नाही.

"घरी जा. बाबांना सांग, बाईंनी अर्ज वाचला."

"कोणता अर्ज?"

"त्यांना माहीत आहे."

ती गेली. वळून वळून पाहत गेली. त्या पोरीचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पाठवली. ते अजून टोचतं. पण मी खोटं सांगणार नाही, तेव्हा मला दुसरं काही करता आलं नसतं, अन् करावंसंही वाटलं नाही. वामनराव परत कुंपणापाशी आला नाही. समोर दिसला की वाट बदलायचा.

गिरडच्या पुढं मी चार वर्षं काढली. गोंडांच्या पोरी, आमच्या पोरी, कुणब्यांच्या पोरी, एकाच चटईवर. शाळेला भिंती नव्हत्या. पंधरा-वीस दिवसांतून एकदा सुट्टी पाहून मोटारीनं वर्धेला यायचे. गल्लीत शिरले की दारं लागायची. त्यांना वाटत होतं, म्हातारे कंटाळतील. म्हातारे कंटाळले नाहीत. मायनं चार वर्षं पाणी वाहिलं. पुढं नळ आले तेव्हा विहीर कोणाला लागेना झाली. कुलूप गंजून गेलं. ते त्यांनी काढलं नाही, आम्ही काढा म्हटलं नाही. माय त्याच घरात मेली. तिच्या खांद्याला गल्लीतलं कोणी आलं नाही. आम्ही कोणाला बोलावलंही नव्हतं. मोहल्ल्यातले लोक आले, एवढे आले की गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. दोन तास गल्ली आमची होती.

मी परत बदलून आले. त्याच घरात राहिले. अजून आहे.

नावांचा तो कागद माझ्याजवळ आहे. घड्यांवर फाटला म्हणून मी तो दुसऱ्या कागदावर उतरवला, मग तिसऱ्या. त्यातले बरेच मेले. जे आहेत ते आता बाजारात भेटले की हात जोडतात. त्यांची मुलं घरी येतात, नोकरीसाठी दाखल्यावर माझी सही मागतात. म्हणतात, "बाई, जाऊ द्या आता. तो काळच तसा होता."

काळानं सही केली नव्हती. सतरा माणसांनी केली होती, शुद्धीवर असताना, दिवसाउजेडी, घरोघरी कागद फिरवून. त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांच्या पोरांसमोर, नातवांसमोर मी ती म्हणून दाखवते. मी एकालाही माफ केलेलं नाही. करणार नाही.